आधी फांदी पडली, मग गाडी लावली

द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम. डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता.

मराठी शाळेत पाचवीत गेल्यावर पहिल्यांदा एबीसीडी गिरवलेल्या माझ्या पिढीतल्या कुणालाही झोपेतून उठवा आणि इंग्रजीतल्या पूर्ण भूतकाळाचं उदाहरण विचारा. हाच रोगी मरणार. दुसरं विचाराल तर मी स्टेशनवर पोहोचण्यापूर्वी गाडी सुटली होती. म्हणजे इंग्रजी भूतकाळाशी आमची ओळख झाली ती एका प्रेताशेजारी आणि रिकाम्या फलाटावर. पुढे वैद्यकशास्त्र कुठल्या कुठे गेलं, गल्लोगल्ली दवाखाने झाले, पण व्याकरणातला डॉक्टर काही अजून वेळेवर पोहोचलेला नाही. त्यानं पोहोचून चालणारही नाही. तो वेळेवर आला तर 'हॅड' कुठे घालायचा?

आमच्या सरांनी भूतकाळाच्या कुलपाची एक किल्ली दिली होती. मराठी वाक्याच्या शेवटी 'गेला होता', 'केला होता' असं काही दिसलं, की डोळे मिटून 'हॅड' टाकायचा आणि क्रियापदाचं तिसरं रूप लावायचं. 'जात होता', 'करत होता' दिसलं तर 'वॉज' टाकून शेवटी आयएनजी. यातलं काहीच नसेल तर दुसरं रूप. ही रूपं आम्ही पाढ्यांच्या चालीवर घोकायचो. गो वेंट गॉन, डू डिड डन. वर्गात सगळ्यांत लोकप्रिय होती 'कट कट कट' आणि 'पुट पुट पुट' ही मंडळी, कारण तिथे सरांनी अचानक उठवलं तरी चुकायचा प्रश्न नव्हता आणि पाठ नसलं तर नुसतं पुटपुटून भागायचं. 'वॉक्ड'चा उच्चार आम्ही 'वॉक-एड' करायचो, 'टॉक्ड'चा 'टॉक-एड'. शेवटच्या ईडीचा कधी 'ट' होतो, कधी 'ड' आणि 'वाँट'सारख्या शब्दांपुढेच तेवढा 'इड' होतो, हे सरांनी सांगितलं नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नसावं. या किल्लीच्या जोरावर मी दहावी पास झालो. किल्ली बनावट असेल, पण बोर्डाचं कुलूपही बहुधा तसलंच होतं.

कॉलेजात गेल्यावर मी रेन अँड मार्टिनचं लाल व्याकरण सेकंडहँड विकत घेतलं. ते वाचायचं नसतं, बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना दिसेल असं ठेवायचं असतं. यातले रेनसाहेब, म्हणजे पी. सी. रेन, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि कादंबऱ्याही लिहायचे, हे मला अगदी अलीकडे कळलं. १९२४ सालची त्यांची 'बो जेस्ट' ही कादंबरी जगभर गाजली. तिची सुरुवात अशी: वाळवंटातल्या एका किल्ल्याच्या मदतीला सैन्याची तुकडी येते, तटावर प्रत्येक झरोक्याशी बंदूक रोखून सैनिक उभा असतो आणि जवळ जाऊन बघावं तर सगळेच्या सगळे मेलेले. मदत येण्यापूर्वी शिबंदी मेली होती! आमचा रोगी रेनसाहेबांनीच मारला असा माझा आरोप नाही, तसा पुरावाही नाही. पण आपल्या देशाला व्याकरण शिकवायला नेमका असा माणूस मिळावा, हा योग काही साधा नाही.

असो. माझ्यावरचा प्रसंग गेल्या पावसाळ्यातला.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक जुना गुलमोहर आहे. पार्किंगमध्ये पाणी साचलं होतं म्हणून संध्याकाळी मी स्कूटर त्याच्याखाली लावली. रात्री वारा सुटला आणि पहाटे केव्हातरी गुलमोहराची मोठी फांदी मोडून स्कूटरवर आली. सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर हेडलाइट फुटलेला, मडगार्ड चेपलेलं, हँडल मान मोडल्यासारखं एका बाजूला आणि सीटवर तांबड्या पाकळ्या. वॉचमन म्हणाला, "साहेब, हार घातल्यासारखं दिसतंय." हा माणूस वाईट नाही, फक्त वेळ चुकवतो.

विमा होता. फॉर्म आणला. त्यात 'अपघाताचे थोडक्यात वर्णन करा' असं इंग्रजीत छापून खाली चार ओळींची जागा सोडली होती.

बायको म्हणाली, "मराठीत लिहा. लिहिणारे तुम्ही मराठी, वाचणारे मराठी, झाडसुद्धा मराठी."

मी तिला सांगितलं की गुलमोहर मूळचा मादागास्करचा. ती आत निघून गेली.

इंग्रजीत लिहायचं ठरवल्यावर अर्थातच मोठ्या घटनेपासून सुरुवात केली. वृत्तपत्रांत तसंच करतात. मोठी घटना म्हणजे फांदी. ती पडली होती. 'होती' आलं, किल्ली लावली, 'हॅड' टाकला. मग मी स्कूटर लावली, ते साधं दुसरं रूप. त्यालाही 'हॅड' लावावा की काय असं क्षणभर वाटलं, पण चार ओळींच्या अर्जात दोन दोन हॅड म्हणजे उधळपट्टी, म्हणून आवरतं घेतलं. अर्ज असा झाला:

"द बिग ब्रँच ऑफ गुलमोहर ट्री हॅड फॉलन बिफोर आय केम. आय पार्क्ड माय स्कूटर अंडर इट. द स्कूटर वॉज डॅमेज्ड."

एकही स्पेलिंग चुकलं नव्हतं. मी तो अर्ज बायकोला वाचून दाखवला. तिने मान डोलावली. म्हणजे तिचं लक्ष नव्हतं.

काही दिवसांनी कंपनीकडून पाहणीला एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, सातारी हेल. त्यानं स्कूटर चहूबाजूंनी बघितली, फोटो काढले, मग माझा अर्ज उघडला आणि चेहरा गंभीर केला.

"काका, एक विचारू का? तुम्ही आलात तेव्हा फांदी पडलेली होती?"

"हो. सकाळी उतरलो तर पडलेली होती ना."

"आणि मग तुम्ही स्कूटर तिच्याखाली लावलीत."

"हो, म्हणजे... नाही! स्कूटर आदल्या संध्याकाळी लावली."

"असं नाही लिहिलंय इथं. इथं आहे, फांदी आधी पडली, मग तुम्ही आलात, मग फांदीखाली गाडी लावलीत, मग गाडीचं नुकसान झालं."

"अहो, पडलेल्या फांदीखाली स्कूटर कोण घालेल?"

"तेच आमचे साहेब विचारत्यात, काका. नुकसान गाडी घुसवताना झालं का, असा रिमार्क मारलाय त्यांनी."

मी त्याला समजावून सांगू लागलो. तो मराठी, मी मराठी, त्याचे साहेबही नाव ऐकल्यावर मराठीच निघाले. आम्हा तिघांमध्ये एक इंग्रजी वाक्य येऊन बसलं होतं आणि ते कुणालाच उठवता येत नव्हतं. त्या पोराला काय झालं असेल ते लख्ख कळलेलं होतं. "पण काका," तो म्हणाला, "कागदावर जे हाय ते हाय. नवीन स्टेटमेंट द्या." जाताना त्यानं जे विचारलं ते मात्र लागलं. "घरात कुणी इंग्लिश मीडियमचं नाही का?"

आहे. आमची लेक. ती कॉन्व्हेंटमध्ये शिकली आणि वयाच्या सातव्या वर्षापासून माझं इंग्रजी दुरुस्त करत आली आहे. 'आय डिडंट वेंट' असं मी एकदा फोनवर बोललो, त्याला वर्षं लोटली, पण घरात अजून पाहुण्यांसमोर तो किस्सा सांगितला जातो. 'डिड'नं एकदा भूतकाळाचं ओझं उचललं की पुढच्या क्रियापदानं रिकाम्या हातानं चालायचं असतं म्हणे. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. दोघांनी मिळून उचललं तर काय बिघडतं? तिनं अर्ज वाचला, पोट धरून हसली आणि म्हणाली, "बाबा, मी काल ऑफिसला गेली होती ना, तेव्हा मला दाखवायचं. मी लगेच करून दिली असती."

मी गेली होती! मी करून दिली असती! मराठी बाईनं 'मी गेले होते' म्हणायचं आणि अर्ज 'करून दिला असता' म्हणायचं, हे या मुलीला तिच्या आईनं लाख वेळा सांगून झालंय. आमच्या घरातला भूतकाळ हा असा आहे. माझा इंग्रजीत लंगडा, तिचा मराठीत. आई दोन्हीकडे शाबूत, पण तिला विचारतं कोण.

लेकीनं अर्ज लगेच दुरुस्त केला, पण का चुकलं ते तिला सांगता येईना. "असंच असतं, बाबा. ऐकायला चूक वाटतं." मला 'असंच असतं' या उत्तरावर गाडी सोडवायची नव्हती. म्हणून मी तळमजल्यावरच्या बाईंकडे गेलो. बाई म्हणजे आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. त्यांनी चष्मा चढवला, अर्ज वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "हॅड बरोबर आहे. चुकीच्या घरी बसलाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला दहावीतच कुणी सांगायला हवं होतं. 'हॅड'चा घटनेच्या मोठेपणाशी काही संबंध नाही. एखादी गोष्ट झाली एवढ्यासाठी तो लागत नाही. आपण भूतकाळातल्या एका क्षणापाशी उभे राहून गोष्ट सांगतोय आणि त्या क्षणाच्याही मागे काही घडलेलं होतं, ते सांगायचं असेल तरच तो लागतो. डॉक्टर दारात आला, हा क्षण. त्याच्या मागे मरण. माझ्या अर्जात मी सकाळी खाली आलो, हा क्षण. त्याच्या मागे फांदी पडली होती, बरोबर. पण स्कूटर लावणं त्याच्याही मागे होतं, आणि त्याला मी साधं दुसरं रूप दिलं. इंग्रजी वाचणारा माणूस साध्या रूपांच्या वाक्यांना क्रमानं पुढे नेतो: आला, मग लावली, मग मोडली. 'आय हॅड पार्क्ड' असा एक हॅड तिथे टाकला असता तर स्कूटर आदल्या संध्याकाळी परत गेली असती.

"म्हणजे दोन हॅड चालतात?" मी विचारलं.

"हॅड हॅड असे जोडीनंही चालतात," बाई म्हणाल्या. "ही हॅड हॅड लंच. तो जेवला होता."

काटकसर नडली म्हणायची.

"आणि तुम्ही 'काल मी मुंबईला गेलो होतो' याचं इंग्रजी काय करता?" बाईंनी विचारलं.

"आय हॅड गॉन टु मुंबई यस्टरडे."

बाईंनी कपाळाला हात लावला. वर्गातली सवय असावी, आवाज न करता लावला. त्या म्हणाल्या, मराठीतला 'होतो' वेगळं काम करतो. 'काल मुंबईला गेलो' असं म्हणून थांबलात तर ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट बघतो: गेलो, मग काय झालं? 'गेलो होतो' म्हटलं की जाऊन आलो, विषय मिटला, आता इथे तुमच्यासमोर बसलोय. इंग्रजीला ही जाऊन येण्याची काळजी नाही. 'काल' हा शब्द आला की 'वेंट' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. 'हॅड गॉन' म्हटलं तर इंग्रज विचारतो, कशाच्या आधी? आणि आपण नुसतेच गेलेलो असतो. कशाच्याच आधी नाही.

मला एकदम माझी सगळी नोकरी आठवली. भोसरीच्या एका कारखान्यात मी खरेदी खात्यात होतो. आय हॅड सेंट द क्वोटेशन. आय हॅड स्पोकन टु द व्हेंडर. आय हॅड गिव्हन रिमाइंडर. माझ्या प्रत्येक ईमेलवर एका इंग्रजी कंपनीची माणसं 'अँड देन?' असं उत्तर पाठवायची आणि मला वाटायचं, चिकट आहेत, पाठपुरावा सोडत नाहीत. ते बिचारे गोष्टीचा पुढचा भाग मागत होते.

त्याच कंपनीचे दोन पाहुणे एकदा भोसरीत आले होते. म्हणजे आले. बाई, चुकलो नाही ना? त्यांना कारखाना दाखवायचं काम माझ्याकडे होतं. थोरले पाहुणे चहा घेता घेता म्हणाले, "आय वॉज होपिंग टु सी द पेंट शॉप." मला वाईट वाटलं. यांना आशा होती म्हणे, आता नसावी. कुणीतरी काहीतरी सांगून त्यांचं मन मोडलं असणार. मी म्हणालो, "नो प्रॉब्लेम, सर," आणि त्यांचा जीव रमावा म्हणून जेवायला थाळीवर घेऊन गेलो. पेंट शॉप राहून गेलं. बाकरवडीचं पाकीट मात्र आठवणीनं दिलं. दुपारी तेच पाहुणे घड्याळ बघून म्हणाले, "वेल, इट्स टाइम वी लेफ्ट." मी हसून त्यांना धीर दिला, "नो सर, यू आर स्टिल हिअर." धाकट्या पाहुण्यानं थोरल्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही, बाईंच्या ओट्यावर लागला.

इंग्रजीत भूतकाळाचं रूप दरवेळी भूतकाळच सांगतं असं नाही, हा बाईंचा मुख्य मुद्दा. 'आय वॉज होपिंग' हे अदबीचं बोलणं. इच्छा आत्ताचीच असते, पण ती अंगावर येऊ नये म्हणून एक पाऊल मागे सरकून सांगायची. 'इट्स टाइम वी लेफ्ट' म्हणजे निघायला हवं, अजून निघालो नाही. 'इफ आय वर यू' म्हणजे मी तू असतो तर; तो मी कधीच नसतो आणि म्हणूनच तिथे 'वॉज'चा 'वर' होतो. जे घडलेलं नाही त्यालाही इंग्रज भूतकाळाचेच कपडे चढवतो.

"हा काय चावटपणा आहे," मी म्हणालो. "घडलेल्यासाठी ठेवलेलं रूप न घडलेल्यासाठी वापरायचं!"

तेवढ्यात बाईंच्या फोनवर त्यांच्या भाच्याचा कॉल आला. "अगं मावशी, आलोच! पाच मिनिटांत पोहोचलो," असं तो स्पीकरवर ओरडला. मागून शॉवरचा आवाज येत होता.

बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी काय बोलणार! पुण्यातला मनुष्य अंघोळीला बसून 'पोहोचलो' म्हणतो. मिसळीच्या हॉटेलात पोऱ्या तर्री वाढायच्या आधी 'दोन मिसळ आली!' म्हणून आरोळी ठोकतो. जिना चढताना पाय नुसता घसरला की 'मेलो!' आणि मेलेला माणूस पुढचे दोन मजले चढून जातो. भूतकाळ भविष्यात वापरायची आपली परंपरा इंग्रजांहून कांकणभर सरसच आहे. फक्त त्यावर कुणी लाल पुस्तक काढून आपल्याला परीक्षेला लावलं नाही.

लाल नाही, पण पुस्तकं आहेत, असं बाई म्हणाल्या. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं. बाईंनी दामले कपाटातून काढून माझ्या मांडीवर ठेवले. मांडी दुखेल एवढे होते. मी मधलंच पान उघडलं आणि चरकलो. इंग्रजी भूतकाळ अवघड म्हणून मी आयुष्यभर तक्रार केली, पण तो निदान पोळीची चौकशी करत नाही. आय एट. पोळी खाल्ली, भात खाल्ला, वरण खाल्लं, सगळ्याला 'एट'. मराठीत खाणारा कोण याची क्रियापदाला पर्वा नाही. मी पुरुष असलो तरी पोळी 'खाल्ली', आणि माझ्या बायकोनंही भात 'खाल्ला'. क्रियापद ताटात बघून बोलतं. बरं, हे तरी सरळ असावं? 'मी पाणी प्यायलो', 'मी छत्री विसरलो' इथे ते पुन्हा माझ्याकडे वळतं. भात खाताना मी कुणी नाही आणि पाणी पिताना मीच सगळा. परक्या माणसानं हे शिकायचं म्हणजे जेवायला बसण्यापूर्वी प्रत्येक पदार्थाचं लिंग विचारून घ्यायला हवं. आमच्या लेकीनं 'मी गेली' म्हटल्याबद्दल मी तिच्यावर जेवढा चिडलो होतो, तेवढं चिडायचा मला खरं तर हक्क नाही. पण तो मी वापरून टाकला आहे.

'गो'चं 'वेंट' कसं होतं यावरही शाळेत आम्ही खूप हसायचो. 'गो'शी 'वेंट'चा ना अक्षराचा संबंध ना नादाचा. बाईंनी सांगितलं की 'वेंट' हे खरं 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप. 'गो'नं ते पळवलं आणि वेंडला 'वेंडेड' करत बसायला लावलं. मी म्हणालो, बघा, यांची चोरीची सवय जुनी आहे.

"जा," बाई म्हणाल्या.

मी उठलो.

"अहो बसा. 'जा'चा भूतकाळ सांगा."

"गेला."

'जा' आणि 'गेला'. एकही अक्षर जुळत नाही. एक संस्कृतातल्या 'याति'कडून आलेलं, दुसरं 'गत'कडून. इतकी वर्षं मी 'वेंट'ला हसत शाळेत गेलो आणि रोज घरी 'गेलो' म्हणत आलो.

रात्री चाळवलेल्या डोक्यानं मी आणखी थोडं वाचलं. इंग्रजीतली सगळ्यांत जास्त वापरातली दहा क्रियापदं, म्हणजे बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी आणि गेट, ही झाडून सगळी अनियमित आहेत, असं स्टीव्हन पिंकर यांनी या विषयावरच्या त्यांच्या पुस्तकात दाखवलंय. रोज तोंडी असलेल्या शब्दांचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. जे क्वचित वापरले जातात ते हळूहळू ईडी लावून सरळ होतात. हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ साली 'नेचर'मध्ये याचा हिशोबच मांडला. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली, त्यांतली आज ९८ च तशी उरली आहेत. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, त्याचा 'हेल्प्ड' झाला. आपल्या हयातीत 'वेंट'चा 'गोड' होणार नाही, हे त्या हिशोबावरून स्वच्छ दिसतं. तेवढी एक आशा होती. आय वॉज होपिंग.

दुसऱ्या दिवशी मी नवं स्टेटमेंट लिहिलं. ज्ञान ताजं होतं, ते कुठे ठेवायचं म्हणून सगळं अर्जात ठेवलं. पार्किंगमध्ये पाणी साचलेलं होतं त्याला हॅड, ते साचण्यापूर्वी पाऊस पडलेला होता त्याला हॅड, तो पडण्यापूर्वी हवामान खात्यानं इशारा दिलेला होता त्याला हॅड. 'आय वॉज होपिंग दॅट यू माइट सँक्शन' असा अदबीचा भूतकाळही शेवटी बसवला. बाईंनी तांबडं पेन घेतलं. जवळजवळ सगळे हॅड गेले. अदब तर पहिल्या फटक्यात गेली. "साहेबांना वाटेल, आशा सोडलीत," त्या म्हणाल्या, आणि हे त्या गंभीरपणे म्हणाल्या की कसं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

क्लेम मंजूर झाला. तो माझ्या इंग्रजीमुळे झाला असं लिहायची माझी फार इच्छा आहे, पण सातारचा पोरगा फोनवर खरं बोलून गेला. वॉचमननं त्या सकाळी 'हार घातल्यासारखं दिसतंय' म्हणत मोबाइलवर जो फोटो काढला होता, तो मी नव्या कागदांना जोडला होता. फोटोत फांदी वर, स्कूटर खाली, आणि फांदी एवढी की तिच्याखाली मागाहून स्कूटर घालायची तर क्रेन आणावी लागली असती. साहेबांनी फोटो बघितला आणि सही केली. स्टेटमेंट त्यांनी वाचलं की नाही, त्याला माहीत नव्हतं. प्लास्टिकच्या भागांची निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी कापली. ती नियमानंच कापतात, त्यात व्याकरणाचा दोष नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर बाईंनी शेवटी ठेवलेला मजकूर उपयोगी पडेल, म्हणून मराठीत देतो. संध्याकाळी सात वाजता स्कूटर गुलमोहराखाली लावली. रात्री वारा सुटला. पहाटे फांदी स्कूटरवर पडली. सकाळी सहा वाजता मी ते पाहिलं. घटना ज्या क्रमानं घडल्या त्याच क्रमानं लिहा, प्रत्येकीपुढे वेळ टाका आणि इंग्रजी करताना सगळीकडे साधं दुसरं रूप वापरा. हॅडची गरज एकदाही पडत नाही. फोटो मात्र जोडा, आणि फॉर्मवर मराठी चालत असेल तर बायकोचं ऐका.